ब्रूनोला जर्मनीला न्यायचं तर पहिली सुई चिपची

चाळीसगावचे एक निवृत्त शिक्षक विचारतात: "मुलगी म्युनिकला नोकरी करते. नोव्हेंबरअखेर सुट्टीवर येईल आणि २० डिसेंबरला परत जाताना आमचा सहा वर्षांचा लॅब्रॅडॉर, ब्रूनो, सोबत नेईन म्हणते. मार्चमध्ये रेबीजची लस झाली आहे, लसीचं पुस्तकही आहे. कातडीखालची ओळखीची चिप नाही. मुंबईचा एजंट म्हणतो, दोन महिने आधी या, सगळं करून देतो. दोन महिन्यांत होईल का? एजंटशिवाय जमेल का? आणि मुलीला सुट्टी मिळाली नाही तर मी एकटा ब्रूनोला घेऊन गेलो तर चालेल का?"

सर, दोन महिन्यांत होत नाही. आज जुलैचा पहिला आठवडा आहे म्हणून २० डिसेंबर गाठता येईल. हेच तुम्ही सप्टेंबरात विचारलं असतं तर मी सरळ तिकीट पुढे ढकला म्हटलं असतं.

मी जळगावात पंचवीस वर्षं जनावरांचा दवाखाना चालवतो. सुरुवात गाई-म्हशींपासून झाली. पुढे कॉलन्यांमधून कुत्री यायला लागली आणि गेल्या दहा-बारा वर्षांत त्यातली काही परदेशात जायला निघाली. पुण्यात नोकरी, तिथून जर्मनी, कॅनडा, दुबई, आणि पोरं गेली की मागे राहिलेल्या कुत्र्यासाठी त्यांचा जीव तुटतो. पहिल्यांदा एका शेतकऱ्याने विचारलं होतं, "डॉक्टर, आमना कुत्राले इमानमा बठू देतस का?" तेव्हा मलाही धड उत्तर देता आलं नव्हतं. आज येतं, पण ते थोडं चुका करून शिकलो आहे.

सगळ्यात मोठी चूक आधी सांगतो, कारण तुमचं काम तिथेच अडकलेलं आहे. एक कुटुंब नेदरलँड्सला चाललं होतं. कुत्रा आला त्या दिवशी दवाखान्यातल्या चिपा संपल्या होत्या. मी म्हटलं, लस आज देऊन टाकू, चिप कुरिअरने आली की बसवू. तीन दिवसांनी चिप बसवली. पुस्तकात लसीची तारीख आधीची, चिपची तीन दिवस नंतरची. पुढे रक्ततपासणीही झाली, पैसे गेले, आणि शेवटी कागद तपासताना ती लस बाद ठरली. कारण साधं आहे. लस दिली त्या क्षणी त्या कुत्र्याला ओळख नव्हती, मग ती याच कुत्र्याला दिली हे कशावरून मानायचं? माणसं ठरल्या दिवशी गेली आणि कुत्रा पाचोऱ्याला त्यांच्या काकांकडे पाच महिने राहिला. त्यांनी मला बोल लावला नाही, पण चूक माझीच होती.

म्हणून क्रम असा: चिप, मग लस, मग रक्त, मग थांबणं. चिप आणि लस एकाच दिवशी चालते, फक्त चिप आधी बसवायची, लगेच स्कॅनरने वाचायची आणि मग लस टोचायची. चिप तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी असते, दोन्ही खांद्यांच्या मधे कातडीखाली बसते, बॅटरी-बिटरी काही नसते. ती १५ अंकी आणि आयएसओ ११७८४ व ११७८५ या मानकांची असायला हवी. चिप बसवली म्हणजे कुत्रा कुठे आहे ते मोबाईलवर दिसतं असा बऱ्याच लोकांचा समज असतो. तसं काही नाही, ती फक्त नंबर सांगते. तो नंबर प्रत्येक कागदावर, रक्ताच्या नळीवरसुद्धा, जसाच्या तसा उतरला पाहिजे. एक अंक चुकला तरी कागद दुसऱ्याच कुत्र्याचा होतो. मी नंबर हाताने लिहीत नाही, चिपसोबत येणारे बारकोडचे स्टिकर चिकटवतो.

आता तुमची मार्चमधली लस. ब्रूनोच्या अंगात ती काम करतेच आहे, पण युरोपच्या कागदासाठी तिचा उपयोग नाही. चिप बसवून पुन्हा लस द्यावी लागेल. चार महिन्यांत दुसऱ्यांदा लस दिल्याने धडधाकट कुत्र्याला काही होत नाही, एखाद दिवस सुस्त राहील. दरवर्षी २८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिनी, गावोगावी फुकट लसीकरणाची शिबिरं होतात. शिबिरं चांगलीच आहेत, पण तिथे चिप कोणी बसवत नाही आणि कार्डावर बॅच नंबरचा स्टिकर असेलच असंही नाही. परदेशी जायचा नुसता विचार मनात असला तरी चिप आधी बसवून घ्या, लस मग कुठेही द्या. चिपला मुदत नसते, एकदा बसली की जन्मभराची.

लसीनंतर किमान ३० दिवस गेले की रक्त काढायचं. याला आम्ही टायटर म्हणतो. रेबीजविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात किती आहेत ते मोजतात, दर मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त आलं की पास. लॅब कुठलीही चालत नाही, युरोपियन युनियनने मान्य केलेल्या लॅबच्या यादीतलीच हवी. इथे कुत्र्याचे मालक गोंधळतात, आणि खरं सांगायचं तर आमच्यातले काही डॉक्टरही. शहरातल्या पॅथॉलॉजीत 'रेबीज अँटिबॉडी' करून आणलेला रिपोर्ट दिसायला छान असतो, किंमत शून्य. यादी युरोपियन आयोगाच्या संकेतस्थळावर असते, ज्या दिवशी रक्त काढायचं त्या आठवड्यात ती उघडून पाहायची.

रक्त नुसतं पाठवत नाहीत. ते गोठू द्यायचं, फिरवून वरचं पिवळसर पाणी म्हणजे सीरम वेगळं करायचं आणि थंड ठेवून पाठवायचं. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास असतो. थर्माकोलच्या डब्यातला बर्फ कुरिअरच्या गाडीत दुपारपर्यंतही टिकत नाही आणि लाल झालेलं, सडलेलं सीरम लॅब नाकारू शकते. त्या दोन महिन्यांत मी नमुना स्वतः माणूस पाठवून, रात्रीच्या गाडीने मुंबईला पोचवतो. तुमचा नमुना ऑगस्टमध्ये जाईल, तेवढी धास्ती नाही.

रक्त काढल्याच्या तारखेपासून पूर्ण तीन महिने थांबायचं. रिपोर्ट आला त्या तारखेपासून नाही, रक्त काढलं त्या तारखेपासून. "रिपोर्ट पास आहे, मग आता थांबायचं कशाला?" असं सगळेच विचारतात. तर रेबीजचा विषाणू चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बऱ्याचदा एक ते तीन महिने घेतो, कधी त्याहून जास्त. कुत्र्याला लस देण्याच्या आधीच कुठे चावा बसला असेल तर टायटर चांगला येऊनही आजार आतून पुढे सरकत असू शकतो. तीन महिने थांबलं की तसा कुत्रा बहुतेक वेळा इथेच उघडा पडतो. आपल्या देशात कुत्र्यांमधला रेबीज सर्रास आहे, म्हणून युरोपियन युनियनच्या सवलतीच्या यादीत भारत नाही. जपान किंवा अमेरिकेतून जर्मनीला जाणाऱ्या कुत्र्याला हा टायटर लागत नाही, आपल्याला लागतो. वाईट वाटून घेण्यासारखं त्यात काही नाही. जळगावच्या सिव्हिल हॉस्पिटलात कुत्रा चावलेल्यांची रांग ज्याने पाहिली असेल त्याला हा नियम जाचक वाटणार नाही.

आता ब्रूनोच्या तारखा मांडू. १० जुलैला चिप आणि लस. ३० दिवस ९ ऑगस्टला भरतात, पण अगदी काठावर नको, म्हणून १२ ऑगस्टला रक्त. त्यापुढे तीन महिने म्हणजे १२ नोव्हेंबर. त्यानंतर कधीही प्रवासाचा दाखला निघू शकतो. २० डिसेंबरपर्यंत पाच आठवडे हातात राहतात. पुरेसे वाटतात ना? पण टायटर नापास झाला तर ते पुरत नाहीत. रिपोर्ट सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला, लगेच पुन्हा लस, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा रक्त, आणि तीन महिने म्हणजे जानेवारीचा पहिला आठवडा. विमान गेलेलं. ब्रूनोला सहा वर्षं दरसाल लस मिळाली असेल तर नापास होण्याची भीती कमी आहे. आयुष्यात पहिल्यांदाच लस घेतलेल्या कुत्र्यात ती जास्त असते. तरीही मुलीला सांगा, स्वतःचं तिकीट तारीख बदलता येईल असं काढ. आणि रक्ताला ३० दिवसांच्या पुढे उगाच दोन-तीन महिने लावू नका, प्रतिपिंडांची पातळी हळूहळू उतरत जाते.

एक गोष्ट पुढच्या वर्षांसाठी. पास झालेला टायटर युरोपात जन्मभर चालतो, अट एकच, लसीचा बूस्टर एक दिवसही चुकता कामा नये. यंदा १० जुलैला दिलेली लस एक वर्षाची असेल तर पुढची १० जुलै उजाडायच्या आत म्युनिकमध्ये बूस्टर झालाच पाहिजे. चुकला तर पुढच्या वेळी पाटी कोरी, पुन्हा रक्त आणि पुन्हा तीन महिने. तिथे गेल्यावर मुलीला ब्रूनोसाठी युरोपियन युनियनचा निळा पेट पासपोर्ट तिथल्या डॉक्टरकडून काढता येईल. त्यात टायटरची नोंद करून घ्यायला सांगा. ती नोंद युरोपातून निघण्याआधीची असेल आणि बूस्टर वेळेवर असतील, तर इथे सुट्टीला आणून परत नेताना तीन महिन्यांची अट लागत नाही. आता भारतात परत आणायचं म्हणजे आपल्या सरकारचीही एनओसी लागते, ती आयत्या वेळी मिळत नाही, हेही तिला सांगून ठेवा. माझं मत विचाराल तर लॅब्रॅडॉरला चार आठवड्यांच्या सुट्टीसाठी दोनदा विमानात घालू नये.

तुमचा तिसरा प्रश्न नाजूक आहे. युरोपचे हे सोपे नियम घरगुती प्रवासासाठी आहेत, आणि त्यात मालकाने कुत्र्याबरोबर किंवा कुत्र्याच्या आधी-नंतर पाच दिवसांच्या आत स्वतः प्रवास केला पाहिजे. ब्रूनो कागदावर मुलीचा असेल, मुलगी म्युनिकमध्येच बसून असेल आणि तुम्ही किंवा एजंट तो पाठवत असाल, तर तो घरगुती प्रवास राहत नाही. मग व्यापारी आयातीचे नियम लागतात आणि ते फार कडक आहेत. मुलगी येऊन २० तारखेला परतली आणि तुम्ही २३ ला ब्रूनोला घेऊन गेलात तर चालतं, मात्र तिने तुम्हाला लेखी अधिकार दिलेला हवा. नुसती नावं फिरवून वाट काढू नका. लसीच्या पुस्तकावर, चिपच्या नोंदीवर आणि रक्ताच्या फॉर्मवर मालक म्हणून आत्तापासून एकच नाव लावा, तिच्या पासपोर्टवर जसं आहे तसं. लग्नानंतरचं आडनाव पासपोर्टवर बदललेलं नसेल तर पुस्तकावरही बदलू नका. आमच्याकडे पुस्तकावर बापाचं नाव, आधारवर नवऱ्याचं आणि पासपोर्टवर तिसरंच, असं एकदा झालं होतं.

जाण्याच्या आठवड्यातलं काम मुंबईत असतं. केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय खात्याची ॲनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसेस नावाची यंत्रणा आहे. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू आणि हैदराबाद इथे तिची केंद्रं आहेत, आपल्याला मुंबई. माझ्यासारख्या नोंदणीकृत डॉक्टरने दिलेलं तब्येतीचं प्रमाणपत्र, लसीचं पुस्तक, टायटरचा मूळ रिपोर्ट, चिपचा दाखला, पासपोर्ट आणि तिकीट हे सगळं तिथे दाखवायचं, ब्रूनोलाही दाखवायचं. युरोपचा ठराविक नमुन्यातला आरोग्य दाखला सरकारी पशुवैद्यच सही करून देतात, माझी सही तिथे चालत नाही. सही झाल्यापासून १० दिवसांत कुत्रा युरोपात पोचला पाहिजे. म्हणून महिनाभर आधी जाऊन काम उरकून घेऊ म्हणाल तर ते होत नाही. आपल्याकडची शनिवार-रविवार आणि सणाची सुट्टी धरून विमानाच्या चार-पाच दिवस आधी मुंबईत असा.

या दाखल्यातली भाषाही बघा. तो इंग्रजीत आणि ज्या देशातून युरोपात पाय ठेवणार त्या देशाच्या भाषेत हवा. थेट म्युनिक किंवा फ्रँकफर्टला उतरलात तर जर्मन. पॅरिसला विमान बदलून म्युनिक असेल तर तपासणी पॅरिसला होते, मग फ्रेंच. स्वस्त तिकिटाच्या नादात शेवटच्या क्षणी मार्ग बदलला तर दाखलाही बदलावा लागतो.

एजंटचं म्हणाल तर एजंट वाईट नसतात. नोकरीच्या धावपळीत ज्याला मुंबईला चार खेपा जमणार नाहीत त्याने जरूर घ्यावा. पण एजंट कागद पुढे सरकवतो, तारखा उलट्या फिरवू शकत नाही, आणि दोन महिन्यांत होईल असं जो सांगतो त्याला एक तर टायटर माहीत नाही किंवा तो तुम्हाला माहीत नाही असं धरून चालला आहे. इंटरनॅशनल पेट अँड ॲनिमल ट्रान्सपोर्टेशन असोसिएशन या संघटनेचा सभासद आहे का ते विचारा. तुम्ही निवृत्त आहात, अर्ज नीट वाचता, मुलगी सोबत आहे. तुम्हाला एजंटशिवाय जमेल असं मला वाटतं.

खर्चात सगळ्यात मोठा वाटा विमानाचा, आणि इथे पिंजऱ्याचं माप कळीचं. ब्रूनो केबिनमध्ये बसणार नाही. सीटखाली बसणाऱ्या कुत्र्याची मर्यादा बऱ्याच कंपन्यांत पिशवीसह आठ किलोच्या आसपास असते, म्हणजे पॉमेरेनियनचं काम. लॅब्रॅडॉर विमानाच्या पोटात जातो, माणसांच्या केबिनइतकाच हवेचा दाब आणि योग्य तापमान राखलेल्या भागात. मालकाबरोबरचं जादा सामान म्हणून गेला तर बहुतेक वेळा स्वस्त पडतं. कार्गो म्हणून गेला तर कंपनी खरं वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जास्त असेल ते धरते. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले ६०००. लॅब्रॅडॉरला लागणारा १०२ बाय ६९ बाय ७६ चा पिंजरा घ्या, उत्तर येतं ८९ किलो. ब्रूनो ३२ किलोचा असला तरी पैसे ८९ चे. म्हणून उगाच ऐसपैस पिंजरा घेऊ नका. आणि लहान तर मुळीच नको, विमानतळावरून परत पाठवतात.

माप कसं घ्यायचं ते सांगतो, वहिनींना टेप धरायला सांगा. ब्रूनोला सरळ उभं करा. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, त्यात जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीची निम्मी मिळवा, ही पिंजऱ्याची आतली लांबी. खांद्यांची रुंदी दुप्पट केली की आतली रुंदी. उभा असताना डोक्याचं किंवा कानाचं टोक, जे वर असेल ते, आणि खाली अंथरायच्या गादीची जाडी, ही उंची. त्याला उभं राहता, वळता आणि नीट पसरून झोपता आलं पाहिजे. चारही बाजूंना हवेची भोकं, प्लास्टिकच्या क्लिपांऐवजी लोखंडी नट-बोल्ट, चाकं असतील तर काढलेली, दाराला आतून अडकवलेली पाण्याची वाटी जी बाहेरून भरता येईल. जळगावात किंवा धुळ्यात ग्रिलवाल्याकडून बनवून घेऊ असं काही जण म्हणतात. लोखंडी ग्रिलचा पिंजरा शेतावर ठीक आहे, विमान कंपनी त्याला हातही लावत नाही.

पिंजरा ऑगस्टमध्येच आणा आणि पुढचे चार महिने तो घरात, ओसरीवर, ब्रूनोच्या नेहमीच्या जागी उघडा ठेवा. जेवण त्यातच द्या. आठवड्याने दोन मिनिटं दार लावा, मग दहा, मग रात्रभर. तुमचं घर स्टेशनजवळ असेल तर बरंच, गाड्यांचा धडधडाट त्याच्या कानाला सवयीचा असेल. जाताना आत वहिनींच्या जुन्या सुती लुगड्याचा धुतलेला नव्हे, वापरलेला तुकडा टाका. विमानात जे कुत्रे घाबरून नख्या मोडून घेतात, दात घासून हिरड्या फाडतात, त्यातल्या बहुतेकांनी पिंजरा पहिल्यांदा विमानतळावरच पाहिलेला असतो. मला विचाराल तर सगळ्या तयारीत हे काम सगळ्यात महत्त्वाचं आणि एक पैसा न लागणारं, पण लोक शेवटच्या आठवड्यावर ढकलतात.

आणि झोपेची गोळी देऊ नका. दर वेळी कोणी ना कोणी मागतंच. "डॉक्टर, एक इंजेक्शन मारा, तो झोपला की आम्हीही निवांत." गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, शरीराला आपलं तापमान सांभाळता येत नाही, तोल जातो, उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि तिथे वर बघायला कोणी नसतं. कंपन्याही गुंगी दिलेला कुत्रा घेत नाहीत. निघण्याआधी चार-सहा तास हलकं जेवण, पाणी शेवटपर्यंत, आणि एक लांब फेरफटका. एवढं पुरतं.

तुम्ही डिसेंबर निवडला हे उत्तम केलं. खान्देशातल्या कुत्र्याचा जीव उन्हाळ्यात मुळातच अर्धा झालेला असतो. विमानतळावरच्या डांबरी पट्ट्यावर पिंजरा अर्धा तास उन्हात राहिला तर लॅब्रॅडॉरला उष्माघात व्हायला वेळ लागत नाही. कडक उन्हाळ्यात पुष्कळ कंपन्या पोटातून कुत्री नेणंच बंद ठेवतात. चपट्या नाकाच्या पग, बुलडॉगसारख्या कुत्र्यांना बऱ्याच कंपन्या बाराही महिने नाकारतात, कारण त्यांना धापा टाकून अंग नीट थंड करता येत नाही.

तब्येतीबद्दल एक काळजी आपल्या भागाची खास आहे: गोचीड. केळीच्या बागा, गोठे, उसाचे बांध, तिथे हिंडणाऱ्या कुत्र्यांत गोचीड-ताप फार. त्यातला एर्लिकिया नावाचा जंतू महिनोन्‌महिने अंगात दबा धरून बसतो. कुत्रा वरून धष्टपुष्ट, आतून प्लेटलेट्स उतरलेल्या. मग प्रवासाचा ताण पडला की ताप येतो, नाकातून रक्त येतं, आणि मुलगी परक्या शहरात रात्री डॉक्टर शोधत फिरते. म्हणून टायटरचं रक्त काढताना त्याच सुईत मी रक्ताची पूर्ण तपासणी आणि लिव्हर-किडनीही करतो. गोचीड-ताप निघाला तर डॉक्सिसायक्लिन २८ दिवस, आणि त्यासाठी आपल्याकडे वेळ आहे. ब्रूनो सहा वर्षांचा आहे, त्यात काही निघालं नाही तर माझ्याकडून हरकत नाही. धुळ्याच्या एका घरचा तेरा वर्षांचा कुत्रा होता, हृदयाला आवाज, मोतीबिंदू. मी नेऊ नका म्हटलं. पोरगा चिडला. घरातल्या आजींनी मिटवलं, म्हणाल्या मीही जात नाही, आम्ही दोघं इथेच बसतो.

चाळीसगावहून मुंबईला गाडीने किंवा रेल्वेने, दोन्ही चालतं. रेल्वेत कुत्रा सोबत न्यायचा तर एसी फर्स्ट क्लासचा पूर्ण कूपे किंवा केबिन, म्हणजे दोन किंवा चार बर्थ, तुमच्याच नावावर हवा. टू टियर, थ्री टियर, स्लीपरमध्ये परवानगी नाही, तिथे पकडले तर कुत्रा गार्डच्या डब्यातल्या पेटीत जातो आणि दंडही होतो. ती पेटी मी पाहिली आहे, ब्रूनोला तिच्यात घालू नका. फर्स्ट क्लासमध्ये कूपे मिळेलच याची खात्री नसते, म्हणून मी लोकांना रात्री मोटारीने, मालेगाव-नाशिक करत, दर दोन तासांनी थांबत जायला सांगतो. कसाऱ्याच्या घाटात पोटात ढवळणारे कुत्रे असतात, आधी एकदा नाशिकपर्यंत नेऊन बघा.

खाण्याचंही आत्ताच बघा. ब्रूनो दूध-भाकरीवर वाढला असेल तर म्युनिकला भाकरी कोण थापणार? नोव्हेंबरपासून हळूहळू तिथे मिळेल अशा कोरड्या खाण्यावर आणा, दहा-बारा दिवसांत थोडं थोडं बदलत. भारतातून युरोपात प्रवाशाच्या सामानात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. कुत्र्यासाठीच्या, मांस घातलेल्या बिस्किटांचं पाकीट कस्टम्सवाले काढून घेतात आणि वहिनींनी प्रेमाने दिलेला तुपाचा डबाही.

जर्मनीत पोचल्यावर महापालिकेत ब्रूनोची नोंद करून कुत्र्याचा कर भरावा लागतो, त्याला तिथे हुंडेश्टॉयर म्हणतात. भाड्याच्या घरात कुत्रा चालेल का ते घरमालकाकडून लेखी घ्या, विमानाच्या तिकिटाच्याही आधी. ब्रूनो लॅब्रॅडॉर आहे म्हणून जातीचा प्रश्न नाही. पिटबुल, अमेरिकन स्टॅफर्डशायर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर, बुल टेरियर यांना जर्मनीत आणायलाच बंदी आहे. हल्ली आपल्याकडे पोरं हौसेने पिटबुल पाळतात म्हणून सांगितलं.

इतरांनी हे वाचून आपल्या देशाचं उत्तर काढू नये. आयर्लंड, फिनलंड, माल्टा, नॉर्वे इथे जाताना पोचण्याआधी २४ ते १२० तासांत पट्टकृमीचं औषध डॉक्टरने देऊन नोंदवावं लागतं. ब्रिटनलाही ते लागतं, आणि तिथे विमानाने येणारा कुत्रा कार्गो म्हणूनच उतरतो, केबिनमध्ये किंवा सामान म्हणून नाही. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलले: कुत्रा किमान सहा महिन्यांचा, चिप आवश्यक, आणि भारतासारख्या रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशातून येत असेल तर सरकारी पशुवैद्याची सही असलेला फॉर्म, ठराविकच विमानतळ आणि मान्य लॅबचा टायटर नसेल तर २८ दिवस क्वारंटाइन. ऑस्ट्रेलियाला भारतातून थेट कुत्रा जातच नाही, आधी दुसऱ्या मान्य देशात काढावे लागतात काही महिने.

तर सर, १० तारखेला सकाळी नऊच्या आत ब्रूनोला घेऊन या. मुलीच्या पासपोर्टची झेरॉक्स आणा, लसीचं जुनं पुस्तक आणा. चिपा दवाखान्यात पाच शिल्लक आहेत, मी आताच मोजल्या.